टीशर्ट कुठे शिवला ते कॉलेजने विचारलंच पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचक काकांनी लिहिलेलं की हल्लीची कॉलेजची पोरं बांगलादेशातल्या नि तमिळनाडूतल्या कामगारांसाठी सह्या गोळा करत फिरतात, त्यापेक्षा त्यांनी गोव्यातल्या बेकारीवर बोलावं, म्हादई नदीच्या पाण्याच्या वादावर बोलावं. ते आमच्याबद्दलच होतं म्हणून हे लिहितेय. काकांवर राग नाही. पण आम्ही नक्की काय मागतोय हे त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही असं वाटलं, आणि बहुतेक बऱ्याच पालकांपर्यंत आणि प्राचार्यांपर्यंत पण नाही.

आम्ही फोंडा आणि मडगावच्या काही कॉलेजांतली मुलंमुली आहोत. मागणी साधी आहे. कॉलेज जो माल घाऊक घेतं, फेस्टचे टीशर्ट, एनएसएसचे टीशर्ट, इंटरकॉलेज टीमच्या जर्सी, फुटबॉल, तो कुठल्या कारखान्यात बनला त्याचं नाव आणि गाव सप्लायरने कोटेशनमध्येच लिहून द्यावं. आज कोणीच देत नाही कारण कोणीच विचारत नाही. बाजारातल्या प्रिंटिंगवाल्याला विचारलं तर तो म्हणतो माल तमिळनाडूतल्या तिरुपूरचा, एजंट पाठवतो, पुढचं मला ठाऊक नाही, आणि तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच ठाऊक नसतं. मधे इतके हात असतात की शिवणारी बाई कोण हे शेवटच्या माणसाला कळायची सोयच ठेवलेली नाही, आणि कळत नाही म्हणून तिच्या पगाराची, तिच्या कोंडलेल्या दाराची जबाबदारी पण कोणावर येत नाही.

नाव विचारून काय होणार असं सगळे म्हणतात. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साव्हारमध्ये राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली, ११०० च्या वर माणसं गेली, त्यात बहुतेक कपडे शिवणाऱ्या पोरी. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी बघितले होते, खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली, दुकानं बंद झाली, पण वरच्या गारमेंट कारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी सकाळी परत बोलावलं, नाही आलात तर पगार अडकेल म्हणून. आणि नंतर कुठल्या कुठल्या ब्रँडचं काम तिथे चालायचं हे सिद्ध करायला तिथल्या कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यात शिरून कपड्यांची लेबलं आणि कागद शोधावे लागले. मेलेल्या माणसांच्या मधून लेबलं शोधायची! यादी आधीच उघड असती तर कुठल्याच कंपनीला आमचा माल तिथे नव्हताच असं म्हणता आलं नसतं. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आग आणि इमारत सुरक्षेचा एक करार झाला, दोनशेच्या आसपास ब्रँड त्यात आले. आधी कंपन्या स्वखुशीची आश्वासनं द्यायच्या, हा मात्र कायद्याने बांधणारा होता आणि त्यात कामगार युनियन बरोबरीने सही करणाऱ्या होत्या. त्यातून हजारो फायर डोअर बसले, इमारती तपासल्या गेल्या. जगभर विद्यार्थी आणि ग्राहक दुकानांसमोर उभे राहिले नसते तर बड्या कंपन्या एवढ्या लवकर सहीला आल्या असत्या असं मला वाटत नाही.

आता काका म्हणतील बांगलादेश लांब आहे. मग तमिळनाडू घ्या, आपल्या कॉलेजचे टीशर्ट तिथलेच असतात. तिथल्या सूतगिरण्यांत सुमंगली नावाची पद्धत वर्षानुवर्षं चालली. गरीब घरच्या, बऱ्याचदा दलित मुलींना तीन वर्षांच्या बोलीवर गिरणीच्या हॉस्टेलात ठेवायचं, शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे देऊ म्हणायचं, बाहेर जायची मोकळीक नाही, आजारी पडून मधेच सोडलं तर ती रक्कम बुडाली. माझ्यापेक्षा लहान मुली. हे वाचलं तेव्हापासून सेलमधला शंभर रुपयांचा टीशर्ट मला स्वस्त वाटत नाही, त्याचे उरलेले पैसे कोणीतरी दुसऱ्यानेच भरलेले आहेत.

पण तिथूनच चांगलं काहीतरी पण आलं आणि ते सांगायला हवं, कारण नुसती दुःखं सांगितली की लोक कान बंद करतात. जानेवारी २०२१ मध्ये दिंडिगुल भागातल्या एका कपड्यांच्या कारखान्यातल्या विशीतल्या दलित कामगार मुलीचा खून झाला, तिच्या सुपरवायजरवर आरोप होता, आणि तो तिला आधीपासून त्रास देत होता असं तिच्याबरोबरच्या बायकांनी सांगितलं. तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन, जी दलित बायका चालवतात, ती गप्प बसली नाही. एप्रिल २०२२ मध्ये त्यांचा कारखान्याच्या कंपनीशी आणि तिथून कपडे घेणाऱ्या एच अँड एम ह्या ब्रँडशी करार झाला, नंतर गॅप वगैरे ब्रँड पण आले. ह्या दिंडिगुल कराराप्रमाणे कारखान्यातल्याच बायकांना ट्रेनिंग देऊन लक्ष ठेवायला नेमतात, तक्रार केली म्हणून कोणाला त्रास द्यायचा नाही हे लिहिलेलं आहे, आणि कंपनीने नाही पाळलं तर विकत घेणाऱ्या ब्रँडने पाऊल उचलायचं. विकत घेणाऱ्याच्या हातात जोर असतो हे त्या बायकांना बरोबर कळलेलं, आणि कॉलेज हे पण विकत घेणारंच आहे.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी हे आधीच करून दाखवलंय. तिथे युनिव्हर्सिटीच्या नावाचे कपडे मोठ्या प्रमाणात विकले जातात. १९९८ साली मुलांनी युनायटेड स्टुडंट्स अगेन्स्ट स्वेटशॉप्स नावाची संघटना केली, ऑफिसांत धरणं धरलं, आणि युनिव्हर्सिट्यांना कारखान्यांची नावं उघड करायला लावली. पुढे रसेल अॅथलेटिक कंपनीने जानेवारी २००९ मध्ये होंडुरासमधला एक कारखाना बंद केला, स्वतंत्र तपासात निघालं की तिथल्या कामगारांनी युनियन केली हे त्याचं मोठं कारण होतं. मुलांनी एकेका युनिव्हर्सिटीत जाऊन ह्या कंपनीचं आपल्या नावाचे कपडे बनवायचं लायसन्स तोडा म्हणून मोहीम चालवली, डझनावारी युनिव्हर्सिट्यांनी तोडलं पण, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनी कबूल झाली, नवीन कारखाना उघडला, सुमारे १२०० कामगारांना परत घ्यायचं ठरलं, युनियन मान्य केली. दहा महिने लागले फक्त. आणि ते जमलं कारण लायसन्सच्या करारात कामगारांच्या हक्कांची अट आधीपासून होती, ती नसती तर नुसते बोर्ड घेऊन उभं राहून काही झालं नसतं.

आपल्याकडे एका कॉलेजची ऑर्डर छोटी असते, काही शे टीशर्ट, त्यावर तिरुपूरचा मालक कशाला ऐकेल, हा प्रश्न बरोबर आहे. पण गोवा लहान आहे ह्याचा इथे फायदाच आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कॉलेजांना माल देणारे तेच ते मोजके दुकानदार, त्यांचे एजंट पण तेच. गोवा युनिव्हर्सिटीच्या दहा-बारा कॉलेजांनी एकाच वेळी कोटेशनमध्ये ही एक ओळ घातली तर त्या एजंटला उत्तर आणावंच लागेल.

फुटबॉलचं तर मला जास्तच लागतं, कारण गोव्यात फुटबॉल हा राज्याचा खेळ आहे आणि आपण तो नुसता खेळत नाही, त्याच्यावर जीव टाकतो. हाताने शिवलेल्या बॉलचे ३२ तुकडे असतात, ते शिवायचं काम जालंधर आणि मेरठकडे घराघरात दिलं जातं, एका बॉलमागे ठरलेले थोडे रुपये, त्यामुळे पोट भरायला आईबरोबर पोरं पण सुई घेऊन बसतात. १९९० च्या दशकात पाकिस्तानातल्या सियालकोटला पोरं बॉल शिवतात हे प्रकरण जगभर गाजलं, १९९७ मध्ये ते थांबवायला अटलांटाला करार झाला, तेव्हा भारतातल्या बॉलवर पण बोट दाखवलं गेलं. आपला बालकामगार कायदा २०१६ मध्ये सुधारला पण शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हात लावायला मुभा ठेवली, आणि घरात चाललेली शिलाई बाहेरून कोण तपासणार. म्हणून बॉल विकत घेणाऱ्यानेच विचारावं लागतं.

आता आमच्या मोहिमेत काय अडलं ते लिहिते, दुसऱ्या कॉलेजांतल्या मुलांना उपयोगी पडेल. सह्या मिळतात, सह्यांना कोणी नाही म्हणत नाही, पण सह्यांचा कागद घेऊन गेलो की ऑफिसात विचारतात की हे कोणाच्या अखत्यारीत येतं. टीशर्ट स्टुडंट्स कौन्सिल घेते, जर्सी आणि बॉल फिजिकल डायरेक्टर सर घेतात, एनएसएसचं वेगळं, प्रत्येकाला वेगळं भेटावं लागतं. म्हणून आधी खरेदी कोण करतं ह्याचा एक तक्ता बनवा, मगच सह्या. सरकारी कॉलेज असेल तर आरटीआय टाका, जुन्या खरेदीची बिलं आणि कोटेशन मिळतात. आपल्या गोव्याने तर माहिती हक्काचा कायदा १९९७ मध्येच केला होता, देशाचा २००५ ला आला, तर ते वापरायला लाजायचं कशाला.

दुसरं म्हणजे सर्टिफिकेट. सप्लायर एक कागद पुढे करतो, ह्यावर शिक्का आहे बघा, झालं. तेवढ्यावर थांबू नका. पाकिस्तानात कराचीच्या अली एंटरप्रायझेस ह्या कपड्यांच्या कारखान्याला एसए ८००० चं, म्हणजे कामगारांना नीट वागवतात असं सांगणारं, सर्टिफिकेट मिळून काही आठवडेच झालेले, आणि ११ सप्टेंबर २०१२ ला तिथे आग लागली, अडीचशेच्या वर माणसं मेली, खिडक्यांना गज आणि बाहेर पडायचे दरवाजे बंद. ऑडिटवाला एक दिवस येऊन जातो, कामगार रोज तिथे असतो. म्हणून तिथे युनियन आहे का, कामगार तक्रार कोणाकडे करतात, हे विचारायला हवं.

तिसरं, आणि हे सगळ्यात कठीण. आम्ही टीवायला, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहोत, पुढच्या वर्षी इथे नसू. दर तीन वर्षांनी सगळी बॅच बदलते, नवीन मुलांना पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि प्रशासनाला हे चांगलं माहीत असतं, थोडं थांबलं की पोरं आपोआप जातात. त्यामुळे भाषणाने, रॅलीने मिळालेलं टिकत नाही. कोटेशनच्या छापील फॉर्मात एक ओळ गेली तर ती टिकते, ऑफिसातला क्लार्क तीच दरवर्षी झेरॉक्स मारत राहतो. बसच्या भाड्यात विद्यार्थ्यांना जी ५० टक्के सवलत आहे ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी इथल्या मुलांनी रस्त्यावर उतरून मिळवलेली, ती मुलं आज आजी-आजोबा झाली, सवलत नियमात गेली म्हणून राहिली.

बहिष्कार घाला असं आम्ही म्हणत नाही. खूप जण गैरसमज करून घेतात. कारखान्यात वाईट काही सापडलं आणि आपण लगेच ऑर्डर काढून घेतली तर मालक आधी त्या बायकांनाच घरी पाठवेल. आधी सुधारायला सांगायचं, मुदत द्यायची, कामगारांना काय हवंय ते ऐकायचं, तरी ऐकलं नाही तर शेवटी मग ऑर्डर काढून घ्यायची. आणि टीशर्ट दहा-वीस रुपयांनी महाग झाला तर होऊ दे. किमतीत शिवणाऱ्याच्या मजुरीचा वाटा अगदी छोटा असतो, ती वाढवली म्हणून कोणाचा फेस्ट बंद पडणार नाही.

राहिला काकांचा मुद्दा, गोव्याबद्दल बोला. बोलतोच आहोत. २०२४ च्या पावसाळ्याच्या शेवटी दक्षिण गोव्यातल्या कुटबणच्या मासेमारी जेटीवर कॉलरा पसरला, ट्रॉलरवर काम करणारे बाहेरच्या राज्यांतले कामगार दगावले, बोटींवरच राहायचे, संडास आणि पिण्याच्या पाण्याची धड सोय नव्हती, हे सगळ्या पेपरांत आलेलं. आपल्या ताटातलं नुस्तं, म्हणजे मासळी, त्यांच्याच हातची. पलीकडे बीडहून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाची उचल फेडत फेडत आयुष्य काढतात आणि कामाचे दिवस बुडू नयेत म्हणून तिथल्या किती बायकांनी गर्भाशयं काढून घेतली ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं, ती साखर आपल्या चहात येते. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या कामगारांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारीच आहे. तो निकाल आपल्या वेर्ण्याच्या आणि कुंडईच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगाराला लागू आहे तसाच तिरुपूरच्या मुलीला पण. माणसं बाहेरची आहेत म्हणून त्यांचा हिशोब आपला नाही असं म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही.

कॉलेजांच्या गॅदरिंगच्या आणि स्पोर्ट्सच्या ऑर्डरी आता जायला लागतील. प्राचार्यांना आणि फिजिकल डायरेक्टर सरांना विनंती आहे की ह्या वेळी कोटेशन मागवताना कारखान्याचं नाव, गाव आणि तिथे युनियन आहे का एवढं तरी विचारा. प्रिंटिंगवाल्या काकांना विनंती की एजंटला फोन करून विचारा, तुमच्याशी आमचं भांडण नाही. आणि ज्या वाचक काकांना आमचं पटलं नाही त्यांनी एकदा कॉलेजात यावं, आमच्याकडे जमवलेली बिलं आणि कोटेशन आहेत, बसून बघू.

आपली,
टीवाय बीएची एक विद्यार्थिनी,
फोंडा