कौतुक ठीक, पण नाटकाच्या संहितेची पूर्वतपासणी रद्द करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दडपशाहीच्या काळातील कलावंतांच्या धाडसावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख तळमळीने लिहिला आहे, पण त्याचे सगळे लक्ष अटकेच्या क्षणावर आहे. मुंबईच्या रंगभूमीवर आणि शाहिरीत काम करणाऱ्या आम्हा काही जणांना त्यात एक भर घालायची आहे. सरकार कलावंताला हात लावते त्याच्या बरेच आधी त्याच्या साधनांना हात लावते. रिळे, नाट्यगृह, परवाना, तारीख हे सगळे आधी जाते, आणि खरी झुंज तिथेच असते.

सिनेमा सगळ्यात लवकर सापडतो, कारण त्याची निगेटिव्ह एका ठिकाणी डब्यात पडून असते. आणीबाणीत अमृत नहाटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’ या राजकीय व्यंगपटाचे हेच झाले. मुंबईत ठेवलेली निगेटिव्ह आणि प्रिंट उचलून गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात जाळल्याचे पुढे चौकशीत उघड झाले. १९७७ नंतर नहाटांना तो चित्रपट नव्याने करावा लागला. किशोरकुमारने सरकारी प्रचाराला साथ दिली नाही, म्हणून मे १९७६मध्ये आकाशवाणीने त्याची गाणी थांबवली. पण लोकांच्या घरातल्या रेकॉर्डी आणि ओठांवरची गाणी काही जप्त झाली नाहीत.

जप्त करायला काही मागे राहू नये, हे शहाणपण शाहिरांकडे फार आधीपासून होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. डफ, तुणतुणे, झांजा आणि चार-सहा माणसे एवढाच संसार. चौक किंवा चाळीचे पटांगण मिळाले की कार्यक्रम उभा. तमाशावर बंदी आली तेव्हा अण्णाभाऊंनी तोच बाज लोकनाट्य म्हणून पुढे नेला. सुरुवातीच्या गणात देवस्तुतीच्या जागी मायभूमीचे वंदन आले आणि कृष्ण-गोपींची गवळण गळाली. बतावणी, म्हणजे ऐनवेळी रचलेले विनोदी संवाद, मात्र राहिली, आणि तीच सरकारला नेहमी जड जाते. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, सकाळच्या बातमीवर संध्याकाळी बोलतो. ते कागदावर नसते, त्यामुळे कोणाला आधी तपासता येत नाही.

म्हणूनच आमच्या पत्राचा मुद्दा महाराष्ट्रातील संहितेच्या पूर्वतपासणीचा आहे. तिचे मूळ १८७६चे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवर कलकत्त्यात एक प्रहसन झाले. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने त्यावर फेब्रुवारीत वटहुकूम काढला आणि वर्षअखेर नाट्यप्रयोग कायदा आला. त्याच कायद्याने १९१०मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. कथा महाभारतातली होती, तरी कीचक म्हणजे व्हाइसरॉय राहिलेला कर्झन हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कळत होते. अखेर केंद्राने २०१८ साली हा कायदा निकालात काढला. आपल्या राज्यात मात्र १९५१च्या पोलीस कायद्याखालच्या नियमांमुळे रंगमंचावर जाण्याआधी संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते.

बाहेरच्या वाचकाला हे साधे दफ्तरी काम वाटेल. प्रत्यक्षात कसे चालते ते पाहा. अर्ज आणि शुल्क भरून संहितेच्या प्रती द्यायच्या. सदस्य वाचणार आणि आक्षेप काढणार. बदल करून संहिता पुन्हा द्यायची आणि मग सेन्सॉर सर्टिफिकेट हातात येणार. ते नसेल तर नाट्यगृह दार उघडत नाही आणि एकांकिका स्पर्धेत प्रवेशिका बाद होते. नाट्यगृहाची तारीख मात्र खूप आधी घ्यावी लागते, पैसेही आधी भरावे लागतात. आक्षेप उशिरा आला की लहान संस्थेपुढे दोनच वाटा उरतात: वाक्ये कापायची किंवा तारीख सोडून पैसे बुडवायचे. बहुतेक वेळा वाक्ये कापली जातात, आणि ती बंदी म्हणून कुठेही नोंदली जात नाहीत. पुढच्या वेळी लेखक ती वाक्ये लिहीतच नाही. आमच्या मते या पद्धतीचे सगळ्यात मोठे नुकसान हेच आहे.

शिवाय जे नाटक तालमीतून, उत्स्फूर्त संवादांतून घडते, त्याची पक्की संहिता आणायची कुठून? बतावणीला शिक्का कसा मारायचा?

या व्यवस्थेला न्यायालयात नेणारेही झाले. ‘सखाराम बाइंडर’साठी दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. अमोल पालेकरांनी २०१६मध्ये पूर्वतपासणीच्या नियमांनाच आव्हान दिले. आम्हाला न पटणाऱ्या नाटकांबाबतही आमचे मत हेच आहे. १९९८ साली नथुराम गोडसेवरच्या नाटकाचे प्रयोग बंद पाडले गेले, ते चूकच होते. ज्या हत्याराने आपल्या विरोधकाला गप्प केले जाते, ते बोथट होऊन परत जात नाही.

पथनाट्याला शिक्का लागो न लागो, धोका थेट असतो. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादच्या झंडापूरमध्ये ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना हल्ला झाला. कामगार राम बहादूर मारले गेले आणि पथनाट्याचे कलावंत सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी गेले. ४ तारखेला त्यांच्या पत्नी मोलयश्री हाश्मी आणि सहकाऱ्यांनी त्याच जागी तेच नाटक पूर्ण केले. खटल्याचा निकाल लागायला २००३ उजाडले. अशी कामे करणाऱ्या तरुणांना आम्ही काही गोष्टी आवर्जून सांगतो. प्रत्येक भूमिका किमान दोघांना पाठ हवी. दोन माणसे खेळात न घेता कडेला ठेवा: एक वाटांवर नजर ठेवेल, दुसऱ्याकडे वकिलाचे आणि घरच्यांचे नंबर कागदावर असतील, कारण फोन आधी काढून घेतात. एकच तोंड असलेल्या गल्लीत गोल धरू नका. पोलीस आयुक्तांचा जमावबंदी आदेश त्या दिवशी लागू आहे का, ते आधी पाहा. कोणी तोंडी ‘बंद करा’ म्हणाले तर कलम, तारीख आणि सही असलेला लेखी आदेश शांतपणे मागा. लेखी आदेश नसेल तर न्यायालयात दाद मागताना पहिल्याच पायरीवर अडते. डफ किंवा ध्वनिवर्धक जप्त केला तर जप्तीची यादी घ्या. नव्या फौजदारी संहितेनुसार झडती-जप्तीचे चित्रीकरण पोलिसांनी करायचे असते, याची आठवण द्या. अटक झालीच तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे.

त्यापुढची शिक्षा वेळेची असते. पुण्याच्या कबीर कला मंच या शाहिरी गटाचे शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधान भवनासमोर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतल गरोदर होत्या, त्यांना त्याच जूनमध्ये जामीन मिळाला. सचिन यांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. गुन्हा सिद्ध होण्याआधीच गाणाऱ्याची पावणेचार वर्षे गेली. या काळात घरभाडे कोण भरते, तुरुंगाच्या भेटीला कोण जाते, वकिलाची फी कुठून येते? कौतुकाच्या लेखांत हे येत नाही. ज्या मंडळींनी हे केले, त्यांची हिंमत आम्ही गाणाऱ्याइतकीच मोठी मानतो.

आपल्या वृत्तपत्राकडे दोन मागण्या आहेत. पूर्वतपासणीचे नियम रद्द व्हावेत यासाठी अग्रलेख लिहावा. आणि मुंबईत एखादा प्रयोग रद्द झाला तर ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढेच न छापता, आदेश कोणी दिला, लेखी की तोंडी, कोणत्या कलमाखाली आणि प्रयोगाच्या किती तास आधी, हे आपल्या वार्ताहराने विचारून छापावे.

आपले,
परळ-लालबाग भागातील काही रंगकर्मी वाचक