‘नेव्हरमाइंड’चा ठपका कंपनीवर नको

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतील रॉक संगीतावरच्या लेखात असा निष्कर्ष काढला आहे की, ‘निर्वाणा’ या अमेरिकी रॉक बँडने सिअ‍ॅटलची ‘सब पॉप’ ही छोटी रेकॉर्ड कंपनी सोडून गेफेनच्या ‘डीजीसी’ या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि तिथेच त्यांच्या संगीताची धार गेली. हा आक्षेप जुनाच आहे आणि खुद्द बँडचा गायक कर्ट कोबेन यानेही पुढे ‘डीजीसी’साठी केलेल्या ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) या अल्बमच्या गुळगुळीतपणाबद्दल नाराजी व्यक्त केली होती. तरीही घटनांचा क्रम पाहिला, तर दोष कंपनीच्या माथी मारणे कठीण जाते.

पहिला अल्बम ‘ब्लीच’ (१९८९) सुमारे ६०६ डॉलरमध्ये ध्वनिमुद्रित झाला होता, हे लेखात कौतुकाने सांगितले आहे. मात्र एप्रिल १९९० मध्ये मॅडिसन येथील स्मार्ट स्टुडिओत निर्माता बुच विग याच्याबरोबर बँडने नव्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले ते ‘सब पॉप’साठीच, याचा उल्लेख राहून गेला. ‘नेव्हरमाइंड’मधील ‘पॉली’ हे गाणे त्याच सत्रातले आहे. म्हणजे ज्या चाली आणि जी स्पष्टता आपण बड्या कंपनीच्या खात्यावर टाकतो, तिच्याकडे हा बँड कराराआधीच वळला होता. १९९१ च्या मे-जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या साउंड सिटीत बाकीची गाणी झाली तेव्हा विगच निर्माता होता. बदलला होता तो ड्रमवादक. डेव्ह ग्रोलच्या येण्याने या गाण्यांना जो जोर आला, तो कोणत्याही करारनाम्यात लिहून मिळत नाही. उरला प्रश्न चकचकीतपणाचा. तो बराचसा अँडी वॉलेसच्या मिक्सिंगमधून, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजांची अंतिम जुळवणी करण्यातून, आला, आणि वॉलेसने ‘स्लेयर’सारख्या कर्कश बँडचे काम केले होते म्हणून त्याची निवड कोबेननेच केली होती.

शिवाय कंपनीला या अल्बमकडून फारशी अपेक्षाही नव्हती. सुरुवातीला अमेरिकेतील दुकानांत पन्नास हजारांहून कमी प्रती गेल्या, आणि जानेवारी १९९२ मध्ये मात्र याच अल्बमने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला बिलबोर्ड यादीच्या पहिल्या क्रमांकावरून खाली आणले. करारानुसार अल्बमच्या विक्रीतून मिळालेल्या हिश्श्यामुळे डबघाईला आलेली ‘सब पॉप’ही तगली, ही गोष्ट ‘बड्यांनी छोट्यांना गिळले’ या सोयीच्या कथेत बसत नाही.

कंपनीचा दबाव शोधायचाच असेल, तर तो यशानंतर आलेल्या ‘इन युटेरो’भोवती (१९९३) शोधावा. स्टीव्ह अल्बिनी याने रॉयल्टी नाकारून ठरावीक मानधनावर केलेले हे ध्वनिमुद्रण कंपनीतील मंडळींना रुचले नाही, वाद वर्तमानपत्रांपर्यंत गेला आणि अखेर दोन गाण्यांचे मिक्सिंग स्कॉट लिट याच्याकडून पुन्हा करून घेण्यात आले. अर्थात, बास आणि गायकाचा आवाज पुरेसा उठून येत नाही, अशी तक्रार तेव्हा बँडचीही होती. लेखमालेच्या पुढच्या भागात या अल्बमचा विचार होणार असेल, तर ही दुसरी बाजूही त्यात यावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक