तुम्ही आधी पाय पाहिलात

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. डोंगरात पळताना त्या उतारावर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि ते ठिकाणावर आलं तोवर तुम्ही निघून गेला होतात. म्हणून हे असं उघडं पत्र. कधीतरी नजरेला पडेल, या आशेवर.

घसाऱ्यावर, म्हणजे त्या सुट्या खड्यांच्या उतारावर, फतकल मारून बसलेला तो मीच. गुडघा सोललेला, एक बूट काढून भिरकावलेला, तोंडात शिव्या. तासाभरात कितीतरी जण शेजारून पळत गेले. "सगळं ठीक ना?" विचारायचे आणि मी तोंड उघडेपर्यंत वळणाआड व्हायचे. तुम्ही मात्र थांबलात. घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाहीत. म्हणालात, "मोजा काढ."

मला लाज वाटली. घामेजलेला, मातीने माखलेला पाय, अंगठ्याचं नख काळंनिळं. तुम्ही तो सरळ मांडीवर घेतलात. मी अवघडून मागे ओढायला लागलो, तर घोटा धरून दटावलंत, "हलू नकोस. तुझं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. कोणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं, ताई. दीड वर्ष पळतोय, बुटांचे तीन जोड झाले, पण माझा उघडा पाय कोणी पाहिलाच नव्हता.

बूट विकणाऱ्याने मला पळायच्या यंत्राच्या पट्ट्यावर पळवलं होतं, पडद्यावर रंगीत ठिपके दाखवले होते. मग सकाळी सकाळी, पाय अजून फुगलेला नसताना, पातळ मोज्यावर चपखल बसणारा जोड गळ्यात मारला. तळ गादीसारखा जाड. सपाट रस्त्यावर झकास, पण दगडधोंड्यांत स्टुलावर उभं राहून पळल्यासारखं. पाय जमिनीपासून जितका उंच, तितका घोटा मुरगळायला मोकळा! आणि सोबतचे मुरलेले पळणारे त्याहून थोर. नख गळालं की पाठ थोपटायचे, "आता झालास खरा डोंगरातला." जणू पदकच मिळालं. त्यांच्या नादी लागून मीही ते नख कौतुकाने दाखवत फिरलो, हे कबूल करतो.

उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला बोटं पुढच्या भिंतीवर आदळतात, एवढी साधी गोष्ट. तुम्ही बुटाचं सगळ्यात वरचं भोक दाखवलंत, जे मी शोभेचं समजत होतो. माझी लेस तिथवर पुरेना, तर पाठीवरच्या पिशवीतून स्वतःची जादाची हिरवी लेस काढलीत. दोन्ही बाजूंना छोटे फास केलेत, टोकं एकमेकांच्या फासातून ओवून खाली ओढलीत. टाच पाचर मारल्यासारखी बसली. उभा राहिलो आणि बोटांना हात-पाय पसरायला जागा मिळाल्यासारखं वाटलं. बूट तोच होता बरं का, अपुराच, पण खाली उतरण्यापुरता माणसात आला.

उतरताना तुम्ही माझ्या लंगडण्याच्या वेगाने चाललात आणि बोलत राहिलात. बुटाच्या तळाचे ५-६ मिलिमीटरचे खोल दात चिखलासाठी. कोरड्या कातळावर ते डुगडुगतात, तिथे आखूड दात आणि मऊ, चिकट रबर हवं. ते लवकर झिजतं, असं मी म्हणालो, तर म्हणालात, "झिजू दे की. तू झिजण्यापेक्षा बरं."

तुमच्या बुटाच्या तळव्यावर पिवळ्या अष्टकोनात 'व्हायब्रम' लिहिलेलं दिसलं होतं. मला वाटायचं, कंपनांशी काहीतरी संबंध असणार. घरी येऊन वाचलं तर ते बुटांचे तळवे बनवणाऱ्या कंपनीचं नाव, आणि तेही माणसाच्या नावावरून घेतलेलं निघालं: इटलीचे गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी. १९३५ मध्ये आल्प्समध्ये त्यांचे सहा सोबती गेले, पायात धड पादत्राणं नव्हती हेही एक कारण. दोनच वर्षांनी त्यांनी खाचांच्या रबरी तळव्याचं पेटंट घेतलं. सोबत्यांच्या पायांचा विचार करणारी माणसं आधीही होती तर. मला भेटायला तुमच्यापर्यंत वाट पाहावी लागली, इतकंच.

ज्ञान पाजळणारे पुष्कळ भेटतात, मीही त्यातलाच. पण अनोळखी माणसाचा घाणेरडा पाय मांडीवर घ्यायला गुडघे टेकवावे लागतात, तेही खड्यांवर. उठताना तुमच्या गुडघ्याला रुतलेले खडे तुम्ही गुपचूप झटकलेत. मी पाहिलं, आणि साधं "थँक्यू"सुद्धा नीट म्हटलं नाही.

नवा जोड संध्याकाळी घेतला, पाय फुगलेले असताना, पळतानाचेच मोजे घालून. लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवली. टोकदार दगड टोचू नयेत म्हणून तळात पातळ कडक थर असलेला निवडला. परवा तोच घसारा उतरलो. अंगठ्याचं नवं नख अर्ध्यावर आलंय.

तुमची लेस धुऊन ठेवणार होतो. पण नव्या बुटाची लेस पुरेशी लांब असूनही डाव्या पायात तुमचीच घातली आहे. बूट निळा, लेस हिरवी, दिसतं विचित्रच. वाटेत असा कोणी दिसला तर हाक मारा.