गावांची नावे आमची आम्हाला राहू द्या

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतील पर्यटनावरचा पानभर लेख वाचून हे पत्र लिहीत आहे. राग शांत व्हावा म्हणून एक दिवस मुद्दाम थांबलो, पण तो काही ओसरला नाही. लेखाच्या शीर्षकात ‘गोवा’ आहे आणि आत कळंगुट ते वागातोर एवढीच किनारपट्टी आहे. पणजीला सरसकट ‘पंजिम’ म्हटले आहे, म्हापशाचे ‘मापुसा’ झाले आहे, पेडण्याचे ‘परनेम’ आणि केप्याचे ‘क्वेपेम’. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांना लेखकाने एकत्र करून ‘गोव्याबाहेरचा हिरवा पट्टा’ म्हटले आहे. सत्तरी गोव्याबाहेर कधी गेली, हे गोव्यात छापल्या जाणाऱ्या मराठी वृत्तपत्राने आपल्या वाचकांना सांगायला हवे.

हा शब्दांचा कीस काढणे नव्हे. नाव चुकले की माणसाचे काय हाल होतात, ते मी यंदाच्या माघात पाहिले. माझी थोरली बहीण लग्न होऊन पुण्याला गेली त्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली. आता तिचे वय चौऱ्याहत्तर आहे. आमच्या देवाच्या जत्रेला ती एकटी विमानाने आली. तिकीट नातवाने काढले होते आणि त्याच्या दृष्टीने गोवा म्हणजे गोवा. तिने फोनवर ‘गोव्याला अकराला पोचते’ एवढे सांगितले आणि मी सवयीने दाबोळीच्या जुन्या विमानतळावर जाऊन उभा राहिलो. साडेअकराला तिचा फोन आला, ‘अरे, मी बाहेर बसले आहे, तू कुठे आहेस?’ मी म्हटले, मी दारातच आहे. ती म्हणाली, मीही दारातच आहे. पंधरा मिनिटे आम्ही दोघे भावंडे एकमेकांना खांब आणि काचेची दारे यांच्या खुणा सांगत राहिलो. ती जवळच्या प्रवाशांना विचारी आणि ते ‘नॉर्थ गोवा’ म्हणून पुढे जात. शेवटी झाडू मारणाऱ्या एका बाईने तिला सांगितले, ‘हें मोपा आजी, पेडणें.’ तेवढे दोन शब्द फोनमधून ऐकले आणि माझ्या सारे ध्यानात आले: ती पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावर उतरली होती. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

नंतर तिकीट पाहिले. दाबोळीची खूण ‘जीओआय’, मोपाची ‘जीओएक्स’. एका अक्षराचा फरक, आणि तो चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने ओळखावा अशी अपेक्षा. मुरगाव तालुक्यातून निघून तिसवाडी आणि बारदेश ओलांडून पेडण्यापर्यंत मी गाडी हाकली. वाटेत जुवारी, मांडवी आणि शापोरा अशा तीन नद्यांवरचे पूल लागले. मी पोचलो तेव्हा ती खुर्चीत बसून होती. मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरलेला होता आणि त्यातल्या पुरणपोळ्या तिने फोडल्या नव्हत्या, कारण त्या देवाला दाखवायच्या होत्या. सकाळपासून तिने पाण्याशिवाय काही घेतले नव्हते. पालखी आम्हाला चुकली.

रेल्वेच्या बाबतीत असे कधी झाले नाही, याचे कारण साधे आहे. कोकण रेल्वेवर ‘गोवा’ नावाचे स्थानकच नाही. पेडणे, थिवी, करमळी, मडगाव, काणकोण अशी गावांची नावे आहेत. पाहुण्याला आपण ‘करमळीला उतर’ म्हणतो, तो करमळीला उतरतो आणि आपल्याला भेटतो.

त्या दिवशीच्या वाटेवर गोवा वेल्हा हे गाव लागले, तेव्हा आणखी एक गोष्ट आठवली. तुमच्या लेखकाने सेंट झेवियरचे शव ‘गोवा वेल्हा येथील’ चर्चमध्ये असल्याचे लिहिले आहे. ‘वेल्हा’ म्हणजे पोर्तुगीज भाषेत ‘जुनी’, एवढ्यावरून त्याने जुने गोवे आणि गोवा वेल्हा एकच करून टाकले. दोन्ही गावे तिसवाडीतच आहेत, पण एक मांडवीच्या काठाला आहे आणि दुसरे जुवारीच्या बाजूला. ते शव असलेले बॉम जेझूचे चर्च जुने गोवे येथे आहे. गोवा वेल्ह्याच्या परिसरात त्याहून कितीतरी आधी कदंब राजांची गोपकपट्टण ही राजधानी होती. ‘गोवा’ हे मुळात एका शहराचेच नाव. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी मांडवीकाठचे शहर घेतले, तेव्हा ते नाव त्या शहराला चिकटलेले होते. 1843 मध्ये राजधानी पणजीला आली, तेव्हा तिलाही ‘नोव्हा गोवा’ म्हटले गेले. नाव शहरामागून शहर फिरले, पण आम्ही माणसे पणजीला पणजीच म्हणत राहिलो आणि गोवा म्हणजे पेडण्यापासून काणकोणापर्यंतचा सगळा मुलूख असेच मानत आलो. राज्याचे नाव पुन्हा एका किनाऱ्यापुरते आखडून घेण्याचा अधिकार पर्यटन व्यवसायाला कोणी दिला? आणि मराठी वृत्तपत्राने तो निमूटपणे का मान्य करावा?

‘परनेम’, ‘क्वेपेम’, ‘थिविम’ यांतला शेवटचा ‘म’ कुठून येतो, हेही उपसंपादकांनी एकदा समजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पोर्तुगीज लेखनात शब्दाच्या शेवटचा ‘एम’ हा नाकातून उच्चार करण्याची खूण असतो, आपल्या अनुस्वारासारखा. कोकणीत पेडणें, केपें, सांगें अशी अनुस्वारान्त नावे आहेत आणि पोर्तुगिजांनी ती आपल्या परीने टिपून घेतली. त्यांनी ऐकले नीट, पण आपण त्यांचे स्पेलिंग इंग्रजी पद्धतीने वाचून आपल्याच गावांच्या शेपटीला ‘म’ जोडतो आणि तो देवनागरीत छापतो. मराठीत ही नावे कशी सहज वळतात पाहा: पेडण्यात, केप्याला, म्हापशाहून, फोंड्याच्या. ‘क्वेपेममध्ये’ हा शब्द तोंडाने म्हणून पाहिला तरी तो कोणाच्या घरातला नाही हे कळते. तिसवाडी म्हणजे तीस वस्त्या, सासष्टी म्हणजे सहासष्ट गावे, सत्तरी म्हणजे सत्तर. नावातच गावांची मोजणी केलेली आहे. ‘नॉर्थ गोवा’ म्हटले की हे सगळे पुसले जाते आणि उरते ती नुसती दिशा.

बाहेरगावच्या माणसाने ‘पंजिम’ म्हटले तर मला राग येत नाही. त्याला तसे सांगितले गेले आहे. राग आपल्या वृत्तपत्राचा येतो, कारण माझ्या घरात वडिलांच्या काळापासून मराठी वृत्तपत्र वाचले जाते आणि गावाचे नाव कसे लिहावे याबद्दल शंका आली तर आम्ही पेपरात पाहत असू.

जाता जाता एक तक्रार. गेल्या वर्षी पाणीपुरवठ्याबाबतचे माझे पत्र आपण छापलेत, त्याबद्दल आभार. परंतु त्याखाली माझ्या नावापुढे ‘पोंडा’ असे छापले गेले. मी पत्रात स्वच्छ अक्षरांत ‘फोंडा’ लिहिले होते. दुसऱ्या दिवशी बाजारात तिघांनी मला त्यावरून विचारले. दुरुस्ती छापावी म्हणून मी पोस्टकार्ड पाठवले, त्याचे उत्तर आले नाही.

पुढच्या रविवारी पुरवणीत चुकीच्या नावांची दुरुस्ती चौकटीत द्यावी, आणि त्यात सत्तरी, सांगे व धारबांदोडा हे गोव्यातलेच तालुके आहेत हेही लिहावे. हे पत्र छापल्यास खालील गावाचे नाव आहे तसेच राहू द्यावे.

आपला,
एक जुना वाचक
फोंडा, गोवा