काकांच्या गुडघ्यामागचा फुगा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि रिपोर्ट काल रात्री दोनदा वाचले. "दुखत नाही, तर पाय कशाला चिरून घेऊ?" असं काका म्हणतात. दुखत नाही हे खरंच आहे, पण त्यावर विसंबू नका.

गुडघ्यामागची ही धमनी एरवी 7 ते 9 मिलिमीटर रुंद असते. काकांची फुगून 31 झाली आहे. 2 सेंटिमीटरच्या पुढे गेली, त्यातून आत गुठळी असली, की आम्ही शस्त्रक्रिया सुचवतो. फुगा म्हटलं की फुटायची भीती वाटते, पण हा क्वचितच फुटतो. आत रक्त घोटाळतं आणि भिंतीला कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गुठळी धरत जाते. तिचे कण सुटून खालच्या वाहिन्या गुपचूप बुजवतात, आणि एक दिवस फुगाच गच्च बंद होतो. पाय गार, पांढराफटक, बोटं हलत नाहीत. मग हाताशी जेमतेम 6 तास, आणि बायपास जोडायला खाली वाहिनीच उरलेली नसते. असा एक पाय मला गुडघ्याच्या वरून काढावा लागला. त्या गृहस्थांनाही आदल्या आठवड्यापर्यंत काही दुखत नव्हतं.

काकांच्या सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, घोट्यापर्यंत दोन वाहिन्या मोकळ्या दिसतात. ही संधी आज आहे. त्यांच्याच मांडीतली शीर काढायची, झडपा आड येऊ नयेत म्हणून उलटी करून फुग्याच्या वर-खाली जोडायची, आणि फुगा दोन्हीकडून बांधून टाकायचा. जांघेतून स्टेंट, म्हणजे आतून आधार देणारी नळीही घालता येते. पण सतत वाकणाऱ्या गुडघ्यात, शीर चांगली असताना, मी शीरच निवडेन. टाके झाले, चिमटे सोडले, की मी पावलावर बोट ठेवून थांबतो. ठोका लागला की इतक्या वर्षांनीही गळा दाटतो. 1785 साली लंडनमध्ये जॉन हंटर या सर्जनने एका गाडीवानाची मांडीतली धमनी नुसती बांधून असाच पाय वाचवला होता. तेव्हा सगळी भिस्त आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांवर.

एक राहिलं. सीटी एकाच पायाचा दिसतो. दुसऱ्या गुडघ्याचं डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि पोटाची सोनोग्राफी झाली का? जवळपास निम्म्या रुग्णांत दोन्हीकडे फुगा असतो, पोटातल्या महाधमनीतही बरेचदा सापडतो. आणि पोटातला मात्र फुटतो. ते आधी करून घे. सिगारेट आजपासून बंद.

रविवारी सकाळी फोन करतो, काकांना जवळ बसव. मी स्वतः बोलेन.

तुझाच