मंगल, बाळूच्या कागदावर सही करण्याआधी

ऐरोली,
शनिवार रात्र

प्रिय मंगल,

तब्येती ठीक. ह्यांची शुगर आहे तशीच, माझी टाच थंडीत कुरकुरते. झालं.

हे फोनवर सांगत नाही, कारण तू मध्येच "अगो, माझं ऐक आधी" करून तुझं सुरू करतेस आणि माझं राहून जातं.

बाळूने हक्कसोडपत्र तयार करून आणलंय. घणसोलीच्या घराचं. बिल्डर ठरला, त्याचा नकाशाही आला. बाळूने तो माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरला आणि बोट ठेवून सांगत सुटला. खाली पार्किंग, वर मजले, दोन्ही पोरांना एकेक फ्लॅट, "आणि ताई, तुला माहेरपणाला खोली." त्याचा आनंद खरा होता गं. मी मात्र नकाशात विहीर शोधत होते. ती जिथे आहे तिथे लिफ्टचा खड्डा दाखवलाय.

मी काही बोलले नाही. चष्मा मिळत नाही म्हणाले. कागद शोकेसवर ठेवलाय, ओटीचा नारळ असतो तिथे.

गेल्या वर्षी हा कागद आला असता तर विहिरीसाठी मी इतकी अडले असते का, कोण जाणे. पण आम्ही नुकतेच अंदमानला जाऊन आलो, नील बेटावर. 2018 पासून त्याचं सरकारी नाव शहीद द्वीप आहे. चिऊने सगळं ठरवलं होतं. पोर्ट ब्लेअरहून बोटीने जावं लागतं, तेव्हा तुझी फार आठवण झाली. घारापुरीच्या लाँचमध्ये तू माझ्या नव्या पंजाबी ड्रेसवर काय केलं होतंस ते मी ह्यांना इतक्या वर्षांनी सांगितलं. खूप हसले.

गेस्टहाउस म्हणजे सुपारीच्या बागेत बांबूच्या मोजक्या खोल्या. एसी नाही, मोठ्या खिडक्या आणि पंखा. मालक बंगाली, त्याचे आईवडील पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आलेले. ते बेटच तशा कुटुंबांनी वसवलंय. समुद्रकिनाऱ्यांची नावंही त्यांच्यासोबत आल्यासारखी: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. जेवायला तिथलीच भाजी, तिथलाच मासा. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण आम्ही सोबत परत न्यायचं, कारण बेटावर कचरा टाकायला दुसरी जागा नाही. बौदी, म्हणजे मालकाची बायको, हे हसत सांगते, पण सोडत नाही.

आणि पाणी. मंगल, खरं मला तुला हेच सांगायचं होतं. शॉवर नव्हता. एक बादली आणि तांब्या. न्हाणीचं पाणी पाटाने केळी आणि अळवाकडे जायचं, अगदी आपल्या मागच्या दारी जायचं तसं. संडासाची टाकी विहिरीपासून लांब, बागेच्या दुसऱ्या टोकाला. स्वयंपाकघराच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत, पण पहिल्या पावसाचं नाही. त्या पाण्याने आधी पत्रा धुऊन निघू द्यायचा. मालक रोज सकाळी खूणगाठी मारलेली दोरी विहिरीत सोडून पाण्याची पातळी बघायचा आणि पोहऱ्यातलं घोटभर पाणी पिऊन चव घ्यायचा. पंप सकाळ-संध्याकाळ थोडा थोडाच.

मी विचारलं, पाऊस एवढा पडतो तर एवढी चिंता कशाला? अंदमानात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पडतो, दोन्ही मोसमांचा मिळून. तर त्याने मातीत काठीने काढून दाखवलं. अशा छोट्या बेटाच्या पोटात चारी बाजूंनी खारं पाणी शिरलेलं असतं. पावसाचं गोडं पाणी मुरतं ते हलकं म्हणून त्याच्यावर राहतं, रश्श्यावर तर्री राहते तसं. समुद्राच्या पातळीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण 40 मीटर असतं. म्हणून उपसा जास्त झाला, वरचं वीतभर जरी उतरलं, तरी खालचं खारं कितीतरी पट वर चढतं. एकदा विहीर खारी झाली की पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात. आणि जानेवारी ते एप्रिल, पाऊस नसतो नेमका तेव्हा, पाहुण्यांची गर्दी.

मला तिथे उभ्या उभ्या आजोबा दिसले. उन्हाळ्यात विहिरीवर बसून "सावकाश शेंदा, मचूळ होईल" म्हणून ओरडायचे ते. आपण त्यांना चिकट म्हणायचो. खाडी हाकेच्या अंतरावर, खाजणाचा बांध फुटला की शेत खारं व्हायचं, हे त्यांनी बघितलेलं होतं. त्यांना सगळं कळत होतं.

भरतपूरला ओहोटीला चिऊने प्रवाळाचा एक मेलेला तुकडा उचलला, मालकाच्या पोराने तो परत टाकायला लावला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळ उचलता येत नाही, विमानतळावर सामानात सापडलं तर काढून घेतात. ओहोटीच्या त्या उथळ पाण्यात चालताना मला आपली खाडी आठवत होती. तुझ्या आजीमागे चिंबोऱ्या धरायला जायचो, तिवरांच्या मुळांत पाय अडकायचे. त्याच ठाणे खाडीवर आता लोक बोटीतून फ्लेमिंगो बघायला येतात. 2015 मध्ये अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. आपल्या आज्यांनी चिखल तुडवला तेव्हा कोणी फोटो काढला नाही.

बाळूचं म्हणणं, मोरबे धरणाचं पाणी नळाला येतं, महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, विहीर कशाला? डास होतात. (गप्पी मासे सोडले होते, तेव्हा कुठे होत होते डास?) मला घर पाडण्याला विरोध नाही, गं. त्या घराच्या भिंतींना ओल आलीय, दोन सुना यायच्यात, गावठाणात सगळ्यांनी गरजेपोटी वाढवलं तसं तोही वाढवणारच. मला फ्लॅटही नको. मला एवढंच हवंय की लिफ्ट चार हात सरकवा आणि गच्चीवरचं पाणी गाळून विहिरीत सोडा. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तो सगळा गटारात जातो. आर्किटेक्टला हे अर्ध्या तासाचं काम आहे.

पण हे बोलायचं कसं? तोंड उघडलं की वहिनी म्हणणार, ताईंना हिस्सा हवाय, विहीर नुसतं निमित्त. गावात तर तेच होईल. आणि सही करून मग सांगितलं तर कोण ऐकतंय?

आता तू म्हणशील, माझ्या वेळी मोठी कायदा शिकवत होतीस. शिकवत होतेच! 2005 च्या कायद्याने मुलीला बरोबरीचा हक्क दिला, महाराष्ट्रात तर 1994 पासून होता, आणि तू "भावाचं दार बंद होईल" म्हणून डोळे मिटून सही केलीस. गौरी येईपर्यंत बोललो नव्हतो आपण. मला अजूनही वाटतं तू करायला नको होतीस. पण सहीच्या आदल्या रात्री तू झोपली नव्हतीस, ते का, हे मला आज नीट कळतंय. म्हणून तुलाच लिहितेय. दुसरी कोणी म्हणेल कोर्टात जा, नाहीतर म्हणेल सोडून दे.

तुझ्याकडचं काय? भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का ठरतंच आहे? पिंकीला म्हणावं बारावी म्हणजे जग नाही, झोपत जा. नाशिकची द्राक्षं पाठवलीस ती पोचली, गोड होती.

आता काम. बाळू माझं ऐकणार नाही, तुझं ऐकतो. पाच वर्षांचा असताना तो त्याच विहिरीत पडला, तेव्हा उडी तुझ्या नानांनी मारली होती, हे तो विसरलेला नाही. राखीला आधी तुझ्याकडे येतो, मग माझ्याकडे. तू त्याला फोन कर. माझी बाजू घेऊ नकोस, हिश्शाचा शब्द काढू नकोस. फक्त विचार की नकाशात विहीर कुठे आहे. तो काय बोलतो ते मला शब्दशः कळव, गोड करून नको. पुढच्या रविवारी तो कागद न्यायला येणार आहे, त्याच्या आत कर.

तुझी,
रंजू

ता. क. सही करायची असेल तर एक ओळ विहिरीची घालून करता येते का, तुझ्या त्या वकीलबाईंना विचारशील? फी मी देईन.