तुमच्या बुटाची नाडी

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गाइडताईंना,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी मराठीतच लिहितेय. पुन्हा भेटलो की वाचून दाखवेन.

त्या दिवशीच्या घोळक्यात साडीवर जाड स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज घातलेली म्हातारी होती ना, ती माझी आई. वय ७४. साताऱ्याच्या शाळेत तिने आयुष्यभर इतिहास शिकवला, पोरांना घेऊन गड पालथे घातले. आता डावा गुडघा साथ देत नाही.

तीन वर्षांपूर्वी ती एका यात्रा कंपनीबरोबर तुमच्या गावात येऊन गेली होती. "आजी, तुम्हाला नाही जमणार, उगाच सगळ्यांचा खोळंबा होईल," असं म्हणून टूर मॅनेजरने तिला बसमध्येच बसवून ठेवलं. नेकार नदीच्या पलीकडून, बसच्या काचेतून तिने किल्ला पाहिला. तिने पैसे सगळ्यांइतकेच भरले होते. पण तिला लागलं ते "खोळंबा" हा शब्द. परत आल्यावर कित्येक दिवस कुठे चल म्हटलं की म्हणायची, "नको गं, माझ्यामुळे तुमचा खोळंबा."

म्हणून तुमच्याकडे नाव नोंदवतानाही मी धास्तावलेच होते. जुना पूल झाला, बाजारचौकातलं चर्च झालं, आणि कॉर्नमार्क्ट चौकापाशी आई अडून बसली. वर जायला रेल्वे आहे, पण गड पायीच चढायचा! तुम्ही एकदा तिच्या गुडघ्याकडे पाहिलंत आणि "चला" म्हणालात.

फरसबंदीचा तो चढ चांगलाच उभा आहे. आईला धाप लागली, आणि नेमक्या तेव्हाच तुम्ही वाकून बुटाची नाडी बांधायला लागलात. सगळे थांबले. तुम्ही सावकाश उठलात, खालची कौलारू छपरं दाखवलीत, चार गोष्टी सांगितल्यात, मग निघालो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी तुमच्या शेजारीच होते. नाडी सुटलेलीच नव्हती, ताई. पक्की दुहेरी गाठ होती. ती तुम्ही सोडलीत आणि पुन्हा बांधलीत.

आईमुळे थांबतोय असं कुणालाही वाटलं नाही. आईलाही नाही, असं मी तेव्हा समजत होते.

वर त्या फुटक्या बुरुजासमोर आई कितीतरी वेळ उभी होती. सहा मीटरहून जाड भिंत, आणि सुरुंगाने उडालेला अख्खा तुकडा तसाच खंदकात कललेला. बुरूज उडवला १६९३ मध्ये, पण फ्रेंचांनी किल्ला पहिल्यांदा जाळला तो मार्च १६८९ मध्ये, असं तुम्ही सांगितलंत. आई एकदम म्हणाली, "त्याच महिन्यात आमचे संभाजीराजे गेले. त्याच वर्षी रायगड पडला." मी इंग्रजीत सांगितलं. बाकीची मंडळी दोन लाख वीस हजार लिटरचं ते प्रसिद्ध वाइनचं पिंप बघायला उतावीळ झाली होती. त्यांना तुम्ही वाट दाखवून पुढे धाडलंत आणि आईला विचारलंत, "मग पुढे काय झालं?" तिने राजाराम महाराजांपासून ताराबाईंपर्यंत सगळं सांगितलं. किती वर्षांनी तिला वर्ग मिळाला!

परतीच्या ट्रेनमध्ये मला म्हणाली, "त्या बाईंची नाडी एकदाही सुटली नव्हती. पहिल्याच वेळी कळलं मला." आणि डोळे पुसले.

मदत करणारे पुष्कळ भेटतात, ताई. हात धरतात, खुर्ची देतात, आणि दहा जणांना दिसेल असं देतात. म्हाताऱ्या माणसाचा मान राखून, त्याला ओशाळवाणं न करता मदत करणं फार थोड्यांना जमतं. ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवत असतील असं वाटत नाही. मी तरी ते तुमच्याकडूनच शिकले. आता आईबरोबर चालताना मीही वाटेत काहीतरी बघायला थांबते.

तुमच्या वागण्याने तिच्या मनातला तो "खोळंबा" गेला. परवा फोनवर आपणहून म्हणाली, दिवाळीनंतर सज्जनगडला जाऊ.

तुमच्यासाठी तिचा निरोप आहे, तिच्याच शब्दांत देते: "साताऱ्याला या. अजिंक्यतारा मी दाखवते. दमलात तर थांबू."

तुमची ऋणी,
त्या इतिहासाच्या बाईंची मुलगी